कादंबरीकार कोरोलेंको व मुल्तानचा खटला

साहित्यिकानें वृत्तपत्रांच्या रणांत उतरावें कीं नाहीं, हा वाद जुनाच आहे. रशियन कादंबरीकार व्लादिमिर कोरोलेंको (१८५३-१९२१) यांचें चरित्र पाहतां आम्हांस त्याचें एक उत्तर सांपडतें.

तिसऱ्या अलेक्झांडर झारशीं राजनिष्ठेची शपथ घेण्याचें नाकारल्यामुळें १८८१ सालीं ते याकूत प्रांतांत हद्दपार झाले. परतल्यावर, १८८६ मध्यें, एका अंध वादकाच्या मनाची कथा लिहून त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली.

पुढें १८९२ सालीं व्यात्का प्रांतांतील मुल्तान खेड्याजवळ एका भिकाऱ्याचें शिरविरहित प्रेत आढळलें, आणि उद्मुर्त जमातीच्या शेतकऱ्यांवर नरबळीचा आळ आला. सात जण दोषी ठरले. वरिष्ठ न्यायालयानें फेरचौकशीचा हुकूम दिला. १८९५ सालीं एलाबुगा येथें ती चालली असतां कोरोलेंको यांनीं अन्य दोघांसह सारें कामकाज टिपून घेतलें. तेथेंही शिक्षाच झाली. परंतु तें टिपण प्रसिद्ध होतांच पुराव्याचा पोकळपणा देशभर कळला. १८९६ मध्यें ममादिश येथील तिसऱ्या खटल्यांत ते स्वतः बचावासाठीं उभे राहिले, आणि सातही जण निर्दोष सुटले. त्याच सुमारास घरीं त्यांची धाकटी मुलगी वारली.

पुढें १९१० सालीं त्यांनीं फांशीच्या शिक्षेविरुद्ध लेखणी चालविली. १९१३ सालीं बेलीस या निरपराध यहुद्याची बाजू घेतली. ललित लेखन मात्र मागें पडत गेलें. वाङ्मयाची यांत हानि झाली, हें आम्हांस मान्य आहे. पण अंधाचें अंतरंग जाणणारी दृष्टिच आरोपीच्या पिंजऱ्यांतील मुक्या माणसास ओळखूं शकली. कांहीं कादंबऱ्या अलिखित राहिल्या. सात माणसें घरीं परतलीं.