औषध आणि स्वभाव

इ. स. १८१७ मध्ये लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर आपला छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या रोगात ज्ञानेंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात असे त्यांनी नमूद केले होते. हात थरथरावेत, मन मात्र शाबूत असावे, ही विभागणी सोयीची खरी. परंतु पुढील इतिहासाने ती टिकू दिली नाही. आणि नवल असे की, ती मोडण्याच्या कामी रोगाइतकाच औषधांचाही हात होता.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतून गेला आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हा अनुभव डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्यांपैकी काहींना घोर औदासीन्याने ग्रासल्याच्या, तर काहींच्या अंगी कंपवाताची लक्षणे उमटल्याच्या नोंदी होऊ लागल्या. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालू लागले. मेंदूतील डोपामीन आटले की देह थिजतो, हे त्यातून उलगडत गेले.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ अब्राहम रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी, जुन्या मेंदूज्वराच्या साथीपासून वर्षानुवर्षे पुतळ्यासारख्या बसलेल्या रोग्यांना हेच औषध दिले. ते उठले, बोलले, हसले. परंतु लवकरच कित्येकांना उन्माद, भ्रम व अनावर वासना यांनी गाठले. मात्रा उतरवावी तर देह थिजे. चढवावी तर मन उधळे. कारण हालचालीस चालना देणारे द्रव्यच मेंदूच्या इतर भागांत इच्छेलाही चेतविते.

पुढे आलेल्या डोपामीनसदृश औषधांनी तर काही सद्वर्तनी वृद्धांस जुगाराचे वेड लाविले. मात्रा उतरविताच पुष्कळांचे ते ओसरले. तोवर घरच्यांनी त्यास उतारवयातील अधःपात म्हटले असेल, तर त्यांस दोष कसा द्यावा? तरीही आम्हांस वाटते, या इतिहासाने आपणांस निवाडा करण्यापूर्वी थांबावयास शिकविले आहे. अशा घरी औषध परभारे बंद करू नये, कारण ते एकाएकी थांबविणेही घातक असते. आणि लज्जेपोटी वैद्यापासून काही लपवूही नये. ज्यास आपण स्वभाव म्हणतो, त्यातील किती वाटा त्या माणसाचा आणि किती त्या गोळीचा, हे आधी विचारावे. मग बोल लावावा.