इंग्रजी वाक्प्रचारांची हिब्रू वंशावळ

वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ लावू नये, ही इंग्रजी शिकणाऱ्याला मिळणारी पहिली ताकीद असते. परंतु ज्यांच्याबाबत ती दिली जाते, त्यांतील कितीतरी वाक्प्रचार इंग्रजीत शिरले ते शब्दशः भाषांतराच्याच वाटेने. बायबलचे ग्रीक व हिब्रू मुळावरून भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडलने 1526 मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे नवा करार छापून घेतला आणि 1530 मध्ये जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांपैकी 'लेवीय' या पुस्तकात प्रायश्चित्ताचा एक विधी येतो, ज्यात दोन बकऱ्यांपैकी एकाचा बळी दिला जातो आणि दुसऱ्यावर लोकांची पापे लादून त्याला रानात सोडले जाते. या दुसऱ्या बकऱ्याच्या संदर्भात आलेला 'अझाझेल' हा दुर्बोध हिब्रू शब्द 'निघून जाणारा बकरा' असा फोडून वाचण्याची रीत जुन्या लॅटिन भाषांतरातही होती. तिला धरूनच टिंडलने 'स्केपगोट', म्हणजे निसटलेला बकरा, हा शब्द घडवला. दुसऱ्याच्या दोषाचे खापर ज्याच्या माथी फुटते, त्याला मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतात, म्हणजे टिंडलच्या पानावर जिवंत सुटलेला प्राणी मराठीत येताना बहुधा पहिल्या बकऱ्याच्या जागी उभा राहिला. खुद्द टिंडलला 1536 मध्ये ब्रुसेल्सजवळ पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला.

थोडक्यात बचावणे या अर्थी इंग्रजीत 'दातांच्या कातडीने' सुटणे असे म्हणतात, तेही ईयोबाच्या पुस्तकातील हिब्रू शब्दांचे जसेच्या तसे रूपांतर होय. दातांना कातडी नसते, आणि मूळ वचनाचा नेमका अर्थ काय यावर टीकाकारांचे आजही एकमत नाही. तरीही 1560 च्या जिनिव्हा आवृत्तीने हे शब्द तसेच ठेवले, 1611 च्या राजमान्य आवृत्तीने ते कायम केले आणि न उलगडलेली प्रतिमा रोजच्या बोलण्यात रुळली.

'हस्तिदंती मनोरा' या शब्दाने याहून लांबचा पल्ला गाठला. हिब्रू गीतरत्नात तो प्रेयसीच्या मानेचे उपमान आहे. जगापासून अलिप्त राहणाऱ्या कलावंताचे आश्रयस्थान हा अर्थ त्याला फ्रेंच समीक्षक सँत-बव्ह याने 1837 मध्ये कवी विन्यीविषयी लिहिताना दिला, तेथून तो इंग्रजीत आला आणि मराठी समीक्षकांनी तो इंग्रजीतून शब्दशः उचलला.