सॉफ्ट टॉप कसा बदलतात? माझदा मियाटाच्या कापडी छताची दुरुस्ती आणि नवी बसवणी

फोर्झा किंवा ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांना ही गाडी लगेच आठवेल. दोन सीट, वर उघडणारे हेडलाइट्स आणि मागे दुमडून ठेवता येणारं छत. माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. आपल्याकडे माझदा म्हटलं की 'स्वराज माझदा'चा ट्रकच डोळ्यांपुढे येतो, पण अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये ही छोटी गाडी आजही लोक घरच्या घरी दुरुस्त करत बसलेले असतात. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या आता पस्तिशी ओलांडून गेल्यात आणि इंजिनाच्या आधी त्यांचं छत दगा देतं.

या लेखात आपण हे छत कसं बनलेलं असतं, काय दुरुस्त होतं, काय बदलावंच लागतं आणि बदलताना लोक नेमके कुठे चुकतात ते बघू.

सॉफ्ट टॉप म्हणजे फक्त कापड नाही

बाहेरून बघितलं तर ताणलेलं रेक्झिन आणि मागे प्लास्टिकची खिडकी एवढंच दिसतं. आत मात्र पाच-सहा वेगळ्या गोष्टी एकत्र काम करत असतात.

पहिली गोष्ट सांगाडा. लोखंडी कमानी बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि त्या दुमडून सीटच्या मागे जातात. दोन कमानींमध्ये योग्य अंतर राहावं म्हणून कापडी पट्टे असतात. पुढची आडवी पट्टी काचेच्या फ्रेमवर बसते आणि दोन लॅचनी घट्ट होते. हे छत इतकं हलकं आहे की सवय झाली की सीटवर बसूनच उघडता येतं.

दुसरी गोष्ट ताण. छताच्या दोन्ही कडांमधून एक बारीक तारेची केबल जाते, तिच्या टोकाला स्प्रिंग असते. खिडकीच्या वरची कड फडफडू नये म्हणून ती असते. पुष्कळ जण नवं छत बसवताना जुनी सैल केबल तशीच टाकतात आणि मग हायवेवर कड फुगते म्हणून कापडाला दोष देतात.

तिसरी म्हणजे मागची खिडकी. पहिल्या पिढीत ती काचेची नाही, पारदर्शक पीव्हीसीची आहे आणि चेनने छताला जोडलेली असते. छत उघडण्याआधी चेन उघडून खिडकी आडवी झोपवायची असते. हा नियम न पाळता छत दुमडलं तर खिडकीवर घडी पडते, घडीवर पांढरी रेघ येते आणि पुढच्या थंडीत नेमकी तिथेच ती तडकते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ऊन आणि वर्षं मिळून ते हळूहळू बाहेर काढतात, म्हणून जुनी खिडकी पिवळी आणि कडक होते. तुमच्या फोनचं सिलिकॉन कव्हरही पिवळं पडतं. रसायन वेगळं असलं तरी ऊन आणि वय हे शत्रू तेच.

आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं: रेन रेल. मराठीत पन्हळ म्हणा. छताच्या मागच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, ही प्लास्टिकची पन्हळ असते. छतावरून मागे ओघळणारं पाणी तिच्यात पडतं, दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत जातं आणि नळ्यांमधून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. म्हणजे हे छत मागच्या कडेला पाणी अडवतच नाही, ते पाणी आत घेऊन वाट करून देतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची दुरुस्ती सोपी होते.

गाडी खरी मरते ती इथे

त्या भोकांत पानं, माती, जुन्या रेक्झिनचा चुरा साठतो. भोक बुजलं की पन्हळ भरून वाहते आणि पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं. बाहेरून रंग छान चमकत असतो आणि आतून गंज चालू असतो. मागच्या चाकापुढे पत्र्याला फुगवटा दिसायला लागतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा गेलेला असतो. छत नवं घ्यायचं तर पैसे टाकून मिळतं, पण दाराखालचा पत्रा कापून नवा वेल्ड करणं हे महागडं आणि वेळखाऊ काम आहे. गाडी भंगारात जाते ती बऱ्याचदा याच कारणाने.

म्हणून छत बदला किंवा नका बदलू, ती भोकं वर्षातून दोनदा तरी साफ करा. कडक तार आत घुसवायची नाही, कारण जुनी नळी फाटते आणि मग पाणी थेट पत्र्यात जातं. जाड नायलॉनची दोरी किंवा मऊ, वाकणारी नळी वापरा आणि शेवटी एक तांब्या पाणी हळूहळू ओता. दोन्ही बाजूंना गाडीखाली पाणी पडताना दिसलं पाहिजे.

आधी ठरवा: दुरुस्ती की बदली?

आत पाणी आलं म्हणजे छत गेलं असं नाही. आधी शोधा. एक जण आत फोनचा टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेरून बारीक धारेने पाणी मारेल. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलंत तर सगळीकडेच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. (कोड डीबग करताना पाच गोष्टी एकदम बदलल्या की जे होतं, तेच.)

काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येत असतील तर बहुतेक वेळा रबराचं बीडिंग कडक झालेलं असतं किंवा लॅच सैल असतो. लॅचच्या हुकाचा ताण कमीजास्त करता येतो, तो आधी करून बघा. फुकटचं काम आहे. कार्पेट मागून ओलं होत असेल तर संशय पन्हळीवर.

खिडकी नुसती धुरकट असेल तर प्लास्टिकचं पॉलिश आणि मऊ कापड पुरतं. कोरड्या कपड्याने किंवा टिश्यूने पुसू नका, चरे पडतात. घरात काचेसाठी वापरतो तो अमोनियावाला स्प्रे अजिबात नको. रेक्झिनला छोटं भोक असेल तर आतून ठिगळ लावता येतं. खिडकीच फाटली असेल आणि रेक्झिन अजून मऊ असेल तर चांगला कुशनवाला फक्त नवं पीव्हीसी शिवून देऊ शकतो. पण रेक्झिन घडीवर तडकलं असेल, शिलाईचा दोरा बोटाने ओढला तर तुटत असेल, तर ठिगळं लावण्यात पैसे घालवू नका. बदलून टाका.

बदलताना दोन पर्याय असतात. मूळ गाडीसारखं रेक्झिन स्वस्त आणि धुवायला सोपं. दुसरं म्हणजे स्टेफास्टसारखं तीन थरांचं कापड: बाहेर अ‍ॅक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर. ते दिसायला भारी, थोडं शांत आणि महाग. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीत काचेची खिडकी आली आणि ते छत सांगाड्यासकट पहिल्या पिढीच्या गाडीवर बसतं. गाडी रोज चालवणार असाल तर माझं मत काचेच्या बाजूने. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर प्लास्टिकच. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीसाठी जी रिस्टोरेशन सेवा जाहीर केली, तिच्यासाठी नव्याने बनवायच्या भागांत सॉफ्ट टॉपही होता.

काढणं

प्रत्येक पायरीला फोटो काढा. खरंच. विशेषतः केबल कुठून कुठे जाते आणि पट्टे कुठल्या बाजूने वळलेत ते.

सीटमागचं कार्पेट प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. ते उचललं की दहाच्या पान्याच्या नटांची एक रांग दिसते. हे नट धातूच्या पट्ट्या दाबून धरतात आणि त्या पट्ट्यांखाली छताची कड आणि पन्हळ अडकलेली असते. कोपऱ्यातल्या नटांना एक्स्टेन्शन लागेल. नट गंजले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, कारण त्या जागी स्टड तुटला तर पूर्ण दिवस जातो. मग दोन्ही बाजूंचे तीन-तीन बोल्ट काढून सांगाडा दोघांनी मिळून उचलायचा आणि टेबलावर ठेवायचा. गाडीवरच काम करता येतं, पण कंबर तुमची आहे.

टेबलावर बीडिंग काढा, त्याखालच्या पट्ट्या काढा. या पट्ट्यांची स्क्रूची भोकं लांबट असतात, म्हणजे त्या मागेपुढे सरकवता येतात. मूळ जागा मार्करने आखून ठेवा, नाहीतर नंतर दाराच्या काचेशी बीडिंग जुळवण्यात संध्याकाळ जाईल. पुढच्या पट्टीवरचे रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा.

बसवणं

नवं छत डब्यातून काढल्यावर तासभर उन्हात पसरून ठेवा. गार रेक्झिन ताणलं जात नाही, आणि जबरदस्ती केली तर शिलाई उसवते. सांगाड्यावरचा गंज घासून रंग द्या, जुना गम खरवडून काढा, केबल नव्या घाला. पन्हळही याच वेळी नवी घ्या. जुनी पन्हळ वाकवली की तडकते आणि नंतर फक्त तिच्यासाठी हे सगळं पुन्हा उघडावं लागतं.

छताचा आणि सांगाड्याचा मध्य खडूने आखून दोन्ही जुळवा. आधी मागची कड आणि पन्हळ स्टडवर चढवा, पण नट हातानेच लावा. कड एकसारखी बसली की मधून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं करत आवळा.

सगळ्यात नाजूक काम पुढच्या कडेचं. लॅच बंद करा, कापड पुढे ओढा आणि पट्टीच्या कडेवर बाहेरून खडूची रेघ मारा. मग लॅच उघडा आणि ती रेघ साधारण एक सेंटिमीटर पुढे येईल असं कापड ओढून चिकटवा. फेविकॉल एसआरच्या जातीचा कॉन्टॅक्ट गम लागतो: दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत. रिव्हेट लगेच मारू नका. आधी क्लॅम्प लावून लॅच बंद करून बघा. दोन्ही हातांचा जोर लागला तरी चालेल, पण लटकावं लागत असेल तर तीन-चार मिलिमीटर मागे घ्या. सैल छत पाणी साठवतं आणि फार ताणलेलं छत चेनच्या शिलाईवर फाटतं.

रिव्हेट, बीडिंग, केबल झालं की पुन्हा तीच पाण्याची चाचणी, खालून वर. मग छत बंद ठेवून गाडी चार-पाच दिवस उन्हात उभी करा. या दिवसांत उघडायचा मोह होतो, पण कापडाला याच काळात आकार येतो. पहिल्यांदा उघडाल तेव्हा चेन आधी.