दिनविशेष : ९ एप्रिल
सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी चमारबागवाला खटल्यांत रेघ ओढली: जुगार हा व्यापार नव्हे, पण यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरत असेल, तर ती स्पर्धा जुगारात मोडत नाही. ही कसोटी पत्त्यांना लावायची तर पोकरमधला लिमिट होल्डेम पाहावा. यात बोलीची रक्कम ठरलेली असते. सगळे पैसे एकदम पुढे सरकवून समोरच्याला घाबरवता येत नाही. पान उघडेल तसा हिशेब करत थोडेथोडे मिळवावे लागते. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडू कॅथी लीबर्ट यांनी २००२ मध्ये याच प्रकारातली ‘पार्टी पोकर मिलियन’ स्पर्धा जिंकून १० लाख डॉलर मिळवले. एखादा विजय नशिबानेही मिळतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण २००४ मध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजमधले विजेत्याचे ब्रेसलेटही त्यांनी लिमिट होल्डेममध्येच पटकावले.

तरीही श्रीगोंद्यात उसाच्या बिलाचे पैसे तीन पत्तीवर लावणाऱ्याला यातून आधार मिळत नाही. कौशल्याची आघाडी हजारो डावांनंतर दिसते, आणि घरखर्चाचे पैसे घेऊन बसलेला माणूस तेवढे डाव टिकतच नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले, ते हे नुकसान पाहूनच.