आठ मित्र आणि रखमाबाईंची पत्रं

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत जुनं संग्रहालय आहे. १५ सप्टेंबर १८८३ ला तिथं आठ जण जमले. सहा गोरे साहेब आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ज्याला जो पक्षी, साप, किडा, झाडपाला दिसेल, त्यानं तो बाकीच्यांना दाखवायचा, एवढंच काम. दर महिन्याला बैठक. आम्हाला तर हा बचत गटच वाटतो, फक्त बचत माहितीची! हीच पुढं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी झाली.

जानेवारी १८८४ मध्ये फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं आपल्या दुकानातली खोली गटाला दिली. १८८६ पासून नियतकालिक निघालं, मग लांबलांबचे लोकही काय पाहिलं ते लिहून कळवू लागले.

सखाराम अर्जुन औषधांचे मोठे जाणकार. मुंबईकडच्या औषधांची यादी त्यांनी १८७९ मध्ये छापली होती. त्यांनी विधवेशी लग्न केलं, आणि तिची आधीची मुलगी म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं लग्न लागलेलं, पण ती नांदायला गेली नाही. सखारामांनी तिला घरात ठेवलं, शिकू दिलं. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा ठोकला, आणि १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम वारले. आधार गेला, तरी त्याच वर्षी तिनं 'एक हिंदू स्त्री' या नावानं टाइम्स ऑफ इंडियाला बालविवाहाविरुद्ध पत्र धाडलं. आपल्याकडं ऊसतोडीला जोडपं म्हणजे एक कोयता, म्हणून पोरींची लग्नं उरकतात. ते पत्र आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं.

१८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानं दावा सोडला.

तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. १८८९ मध्ये त्यांनी लग्न केलं ते त्याच फिप्सनशी! त्याच वर्षी रखमाबाई डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या. १८९४ मध्ये पास होऊन परतल्या आणि पुढं सुरतेत बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं.