खोगीर आणि खोगीरभरती : सायकलच्या बैठकीची दोनशे वर्षे

'खोगीरभरती' हा शब्द आपण लांबलेल्या भाषणाला, फुगवलेल्या ग्रंथाला किंवा समितीवरच्या बिनकामाच्या सभासदांना लावतो. त्यातले मूळचे खोगीर आता कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरात चिंध्या, लोकर, काथ्या, हाताला लागेल ते कोंबत. बाहेरून ते भरदार दिसले म्हणजे झाले. सायकलच्या बैठकीचा इतिहास तपासताना हा शब्द वारंवार आठवतो. बसायला त्रास होतो, तर आणखी भरा, आणखी मऊ करा, हा उपाय जवळजवळ प्रत्येक पिढीने नव्याने शोधून काढला आणि लांबच्या प्रवासात तो प्रत्येक पिढीला नडला. अधूनमधून मात्र काहींनी वेगळा प्रश्न विचारला. बैठक किती मऊ आहे, हे बाजूला ठेवून शरीराचे वजन नेमके कशावर पडते, हे त्यांनी पाहिले. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एकोणिसाव्या शतकातच हाती आले होते. ते पुन्हा गांभीर्याने घ्यायला पुढची शंभर वर्षे का जावी लागली, ते या लेखात पाहायचे आहे.

घोडा गेला, खोगीर राहिले

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम शहरातून कार्ल फॉन द्राइस आपल्या लाकडी दुचाकीवर बसून श्वेट्झिंगनच्या दिशेने निघाला. या वाहनाला पॅडल नव्हते. स्वार पायांनी जमीन मागे रेटत पुढे जाई. बसायला गादीची बैठक होती आणि पुढे हात टेकायला एक फळी. बैठकीचा प्रश्न तेव्हा फारसा बिकट नव्हता, कारण शरीराचा भार बैठक, हात आणि जमिनीवरचे पाय यांत वाटला जाई.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पॅडलची दुचाकी बाहेर पडू लागली आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. लोखंडी धाव बसवलेली चाके फरसबंदी रस्त्यांवरून जात तेव्हा अंग असे हादरे, की इंग्रजांनी या वाहनाला 'हाडे खिळखिळी करणारे' असेच नाव दिले. त्यावर उपाय म्हणून बैठक एका लांब पोलादी पट्टीवर बसवली गेली. ट्रकच्या चाकांवर पाटे असतात, त्याच जातीची ही योजना. पुढे उंच चाकाची सायकल आली. तिचे प्रचंड चाक लहानसहान खड्डे न जाणवताच ओलांडी. थॉमस स्टीव्हन्सने २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्को सोडले आणि डिसेंबर १८८६मध्ये तो योकोहामाला पोचला, तो अशाच सायकलवरून. वाटेत लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रोडही त्याने तिच्यावरूनच कापला. १८८५मध्ये जॉन केम्प स्टार्लीची दोन लहान, जवळपास सारख्या चाकांची 'रोव्हर' आली आणि १८८८मध्ये डनलॉपचा हवेचा टायर. रस्त्याचे धक्के टायरने पोटात घेतले. बैठकीचा प्रश्न तरीही सुटला नाही, कारण तो मुळात केवळ धक्क्यांचा नव्हताच.

घोडेस्वार रिकिबीत पाय रोवून, मांड्यांनी घोड्याला आवळून बसतो आणि चालायचे काम घोडा करतो. खुर्चीवरचा माणूस मांड्या टेकवून स्वस्थ बसतो. सायकलस्वाराला यातले काहीच जमत नाही. त्याच्या मांड्या हेच वाहनाचे इंजिन. त्या मिनिटाला साठ-सत्तर किंवा अधिक वेळा वरखाली होतात. मांडीला आधार देणारी रुंद बैठक दिली, तर ती घासते आणि मांडी सोलवटते. बैठक अरुंद केली, तर भार जांघांमधल्या मऊ भागावर जातो आणि तिथल्या नसा व रक्तवाहिन्या दबतात. मागे रुंद आणि पुढे निमुळते असे जे टोकदार खोगीर आपण पाहतो, ती या दोन अडचणींमधली तडजोड आहे.

ताणलेले चामडे

या तडजोडीला सर्वांत टिकाऊ रूप दिले ते घोड्यांचे सामान बनवणाऱ्या एका माणसाने. जॉन बोल्टबी ब्रूक्सने १८६६मध्ये बर्मिंगहॅमला चामड्याच्या साजाचा धंदा सुरू केला. ब्रूक्स कंपनीच्या परंपरेत सांगतात, की १८७८मध्ये त्याचा घोडा मेला, म्हणून त्याने कामावर जायला सायकल उसनी घेतली. तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली, की त्याने स्वतःच नवी करायचे ठरवले. १८८२मध्ये त्याने खोगिराच्या पेटंटसाठी अर्ज केला.

या बैठकीत भरलेले असे काहीच नसते. जाड चामड्याचा एक तुकडा पुढच्या टोकाला आणि मागच्या पट्टीला रिव्हेटांनी जखडून झोळीसारखा ताणलेला असतो. पुढचा बोल्ट फिरवून ताण कमीजास्त करता येतो. नवेपणी हे चामडे फळीसारखे कडक लागते. काहीशे किलोमीटरनंतर जिथे हाडे टेकतात तिथेच ते दबते, बाकीच्या जागी ताठ राहते. स्वाराच्या शरीराचा ठसा ते हळूहळू उचलते. पायताणे करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. कोल्हापुरी चप्पलही सुरुवातीला चावते आणि मग पायाची होते. या खोगिराचे वैरी दोन, पावसाचे पाणी आणि मालकाची उतावीळ. ब्रूक्सचे 'बी १७' हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे मॉडेल आजही लांबचे प्रवासी हौसेने घेतात.

डॉक्टर, झगे आणि दोन गाद्या

१८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले आणि बायकाही मोठ्या संख्येने सायकलवर बसल्या. घोड्यावर त्यांना एका बाजूला पाय सोडून बसवण्याची रीत होती. सायकलवर ती शक्य नव्हती. झग्याला अडथळा नको म्हणून बायकांच्या खोगिराचे टोक आखूड केले गेले. तेवढ्याने वाद मिटला नाही. बैठकीच्या दाबाने स्त्रीच्या शरीराला अपाय होईल, अशी चर्चा वैद्यकीय नियतकालिकांतून सुरू झाली आणि तिच्या आडून नैतिक धाकही घातला जाऊ लागला. १८९५मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी या विषयावर निबंध लिहिला. नैतिक भीतीपासून तेही मुक्त नव्हते. तरी त्यांनी सायकलीवर बंदी मागितली नाही. खोगिराचा आकार, त्याचा कोन आणि बसण्याची ढब यांकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी फ्रान्सिस विलर्ड या समाजसुधारक बाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्याची हकिगत पुस्तकरूपाने छापली. बायकांनी सायकल चालवावी की नाही, हा वाद अशा रीतीने बऱ्याच अंशी खोगिरावर येऊन ठेपला होता.

या वादातून एक चांगली गोष्ट निघाली. धातूच्या चौकटीवर दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा, अशी 'ख्रिस्टी' नावाची बैठक अमेरिकेत बाजारात आली. तिच्या जाहिरातीत कटीच्या हाडांचा सांगाडाच काढून दाखवलेला असे. एका चित्रात हाडे नेहमीच्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबकळलेली, दुसऱ्यात ती दोन गाद्यांवर नीट टेकलेली. कटीच्या तळाशी दोन गोलसर टोके असतात. मांडी घालून जमिनीवर बसले, की ती आपल्याला जाणवतात. शरीराचा भार घ्यायला ती बनलेली आहेत; त्यांच्या मधला भाग नाही. एवढे कळले, की बैठकीचे निम्मे गणित सुटते. शतक संपण्याआधीच ते जाहिरातीत छापले गेले होते.

मग वेड ओसरले. युरोपात सायकलची प्रतिष्ठा शर्यतींशी जोडली गेली आणि शर्यतवाल्याचे खोगीर हेच खरे खोगीर ठरले. जो कमरेत वाकून जोर लावतो, ज्याचे बरेचसे वजन पॅडलवर आणि हातांवर असते, त्याच्यासाठी बनवलेली अरुंद बैठक साध्या प्रवाशाच्याही वाट्याला आली.

आठ सेकंद

शर्यतवाल्यांनाही ती सुखाची नव्हती. दाब, घाम आणि घर्षण एकत्र आले, की केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग होऊन गळू होते. फ्रान्सच्या लुईझाँ बोबेने १९५५ची टूर दे फ्रान्स अशाच दुखण्यासह जिंकली. लागोपाठची ती तिसरी. नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि पुढे तो ही शर्यत पुन्हा जिंकू शकला नाही. १९८९मध्ये लोराँ फिन्योँ शेवटच्या दिवशी पन्नास सेकंदांनी पुढे होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटर तेवढे उरले होते. त्याआधी त्याला बसण्याच्या जागी जखम झाली होती आणि धड बसताही येत नव्हते. त्या दिवशी त्याने अठ्ठावन्न सेकंद गमावले आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत तो आठ सेकंदांनी हरला. ग्रेग लेमाँडच्या नव्या धाटणीच्या हँडलबारला या निकालाचे श्रेय दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण जखमेचा वाटा कोणत्या मोजमापात धरायचा? या खेळात बसण्याच्या वेदनेबद्दल बोलणे हे दुबळेपण मानले जाई. त्यामुळे दोष खोगिराचा असला, तरी तो माणसाच्या सहनशक्तीच्या खात्यावर मांडला जाई.

मोजमापाची वेळ

१९८५मध्ये अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी स्त्रियांच्या मापाच्या सायकली बनवणारी कंपनी काढली. पुढे त्यांच्या कंपनीने मध्ये पोकळी ठेवलेले खोगीरही आणले. मोठी खळबळ मात्र १९९७मध्ये, पुरुषांच्या बाबतीत झाली. बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलच्या बैठकीचा संबंध थेट नपुंसकत्वाशी जोडला. त्यांचे म्हणणे अतिरेकी होते, पण त्यामुळे सायकल कंपन्यांना प्रश्न टाळता येईना.

२००२मध्ये 'युरोपियन युरॉलॉजी' या नियतकालिकात एक जर्मन प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोगिरांवर बसल्यावर पुरुषाच्या जननेंद्रियाकडे पोचणारा प्राणवायू किती घटतो, हे त्यात मोजले होते. अरुंद आणि भरपूर गादी भरलेल्या खोगिरावर ही घट सुमारे ८० टक्के होती. रुंद आणि अजिबात गादी नसलेल्या खोगिरावर सुमारे २० टक्के. गादी जास्त असली की हाडे तिच्यात रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. घरच्या पिंजलेल्या कापसाच्या उशीवर मूठ दाबून पाहावी. मुठीभोवती उशी कशी वर येते ते दिसेल.

२००८मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सहा महिने बिनटोकाचे खोगीर दिले होते. आधीच्या सहा महिन्यांत सायकलवर असताना बधिरपणा आला नाही, असे सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते. अखेरीस ते ८२ टक्के झाले. ज्यांचा दिवसाचा बराच वेळ बैठकीवर जातो, अशा नोकरदारांचा हा अभ्यास होता, म्हणून तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडे दिवसभर सायकलवर असणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन, गिरणीत पाळीला जाणारे कामगार यांच्या काळ्या, दणकट सायकलींना मागे दोन जाड स्प्रिंगांची रुंद चामडी सीट असे. ताठ बसून, सावकाश चालवायच्या सायकलीला ती योग्यच होती, कारण ताठ बसले की जवळजवळ सगळा भार मागच्या दोन हाडांवर येतो. त्या काळातल्या जगप्रवाशांची भिस्तही ताणलेल्या चामड्यावरच होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ४४,००० मैल तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले.

आज लांबची सायकल पुन्हा आपल्या शहरांत आली आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली बाराशे किलोमीटरची वाट आता हौशी स्वार नव्वद तासांत पुरी करतात. तिच्या तयारीचे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे टप्पे पुण्या-मुंबईकडचे लोकही पार करतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५मध्ये जोडीने आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये एकट्याने अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. मात्र दुकानात गेलेला नवखा आजही पहिल्याच आठवड्यात जेलचे कव्हर मागतो. दहा मिनिटांच्या फेरीला ते बरे वाटते. चौथ्या तासाला ते काय करते, हे वरच्या आकड्यांत आले आहे.

मापाला मात्र पैसा लागत नाही. टणक स्टुलावर खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर बसून थोडे पुढे वाकावे, टाचा उचलाव्यात आणि मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांतले अंतर बहुतेकांचे दहा ते चौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते. स्त्रियांचे सरासरीने थोडे जास्त. खोगिराचा मागचा सपाट भाग त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा. जितके ताठ बसायचे तितका तो अधिक रुंद लागतो आणि जितके वाकायचे तितका कमी. पुढचे टोक साधारण समपातळीत असावे. उंची अशी, की पॅडल तळाशी गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. एवढे करूनही हातापायांना किंवा जांघेत बधिरपणा आला, तर तो सोसायचा नसतो. थांबून कोन, उंची किंवा खोगीरच बदलायचे असते.

वर्षानुवर्षे वापरलेले चामड्याचे जुने खोगीर कुठे पाहायला मिळाले, तर त्याच्या मागच्या भागावर हात फिरवून पाहावा. पुठ्ठ्यावर उमटतात तसेच दोन खळगे तिथेही लागतात. ज्याने ते वापरले, त्याने माप कधी घेतले नसेल. पण त्याचे वजन कुठे पडत होते, याची नोंद चामड्याने ठेवली आहे.