वरोऱ्याचा कोळसा, पडघ्याची वीज

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या धातुतज्ज्ञाचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यावरचा अहवाल निघाला. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम लोहखनिज, त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला दगडी कोळसा. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे जमशेटजी टाटा तो अहवाल वाचून इतके भारावले, की वरोऱ्याचा कोळसा त्यांनी जर्मनीत तपासायला नेला. तो लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही. पुढे कारखाना उभा राहिला तो दूर पूर्वेला साकचीला, झरियाच्या कोळशाच्या आवाक्यात.

त्याआधी चांद्याच्या रानात लोखंड गाळलं जात होतंच, मातीच्या भट्ट्यांत, भात्याच्या वाऱ्यावर, लाकडाच्या कोळशावर. पण लाकडाचा कोळसा करतानाच त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता धुरावाटे निघून जाई. भट्टीतली गळती त्याच्या पुढची. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. तिचा कोळसा ज्या रेल्वेला लागे, तिची वाफेची इंजिनंही कोळशातल्या उष्णतेचा दहावा भागसुद्धा ओढण्याच्या कामी लावत नसत.

मग १९८३ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच सुरू झाला. खाणी शेजारी, पाणी इरई धरणाचं. इथल्या कोळशात राख भरपूर असते आणि तो वाघिणीत भरून लांब नेणं म्हणजे दगडाचंही भाडं भरणं. १९९९ पासून चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे अशी साडेसातशे किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची एकदिश वीजवाहिनी आहे. जमशेटजींच्या काळात कोळसा खनिजापाशी न्यायचा प्रश्न होता. इथे कोळसा जागेवर राहिला आणि वीज मुंबईकडे गेली.

तरी हिशेब सोपा नाही, कारण टप्प्यांची कार्यक्षमता बेरजेने नव्हे, गुणाकाराने चालते. ढोबळ आकडे घेऊ. कोळशात १०० भाग उष्णता आहे. तो पिठासारखा दळून बॉइलरमध्ये फुंकतात. चिमणीतून १५ भाग जातात, ८५ वाफेत उतरतात. टर्बाइन आणि जनित्र त्यातले ४२ टक्के विजेत बदलतात, म्हणजे ३६. बाकीची उष्णता कूलिंग टॉवरवरच्या त्या पांढऱ्या वाफेतून आकाशात जाते, आणि सगळ्यात मोठी गळती हीच. केंद्राचे पंप, पंखे, दळणयंत्रं ८ टक्के खातात: ३३ उरले. वाहिन्या, रोहित्रं, वितरण यांत १५ टक्के गेले की घरी पोचतात २८. खाणीतल्या डंपरांचं डिझेल अजून धरलेलंच नाही. उजाड झालेलं रान आणि चंद्रपूरकरांच्या श्वासातली धूळ तर या गणितात बसतच नाही. ती मात्र रोज मोजली गेली पाहिजे.

तारेचा जुना दिवा या २८ मधून जेमतेम दीड भाग उजेड देई.

गुणाकार उलटाही चालतो. ६० वॉटच्या दिव्याजागी तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी लावला, तर घरी ५१ वॉट वाचतात. चंद्रपूरच्या बॉइलरपाशी मात्र सुमारे १८० वॉटच्या उष्णतेचा कोळसा वाचतो.